शाळा सोडून जाणाऱ्या वर्गाची स्मरणिका: मुख्याध्यापकांना आणि स्मरणिका समितीला खुले पत्र

माननीय मुख्याध्यापक, वर्गशिक्षक आणि स्मरणिका समितीतील सर्वांस,

स. न. वि. वि.

शाळेतून बाहेर पडणाऱ्या वर्गाची स्मरणिका काढायचे ठरते वर्षाच्या सुरुवातीला आणि काम सुरू होते शेवटच्या महिन्यात. मग मिळतील ते फोटो, हाती येतील त्या कविता, मान्यवरांचे शुभसंदेश असे सगळे एका पेन ड्राइव्हमध्ये कोंबून छापखान्याकडे जाते. आम्ही अशा स्मरणिकांची पाने लावणारे, मुद्रिते (म्हणजे प्रुफे) तपासणारे आणि फोटो काढणारे लोक आहोत. आमची मागणी एकच आहे. हजेरीपटावरचे प्रत्येक नाव स्मरणिकेत किमान एकदा, बिनचूक अक्षरांत आणि त्या मुलाच्या किंवा मुलीच्या एखाद्या खऱ्या कामासह आले पाहिजे. हे साधले की बाकीची सजावट हवी तेवढी करा.

स्मरणिका हातात पडल्यावर मुले आधी स्वतःचे नाव शोधतात, मग मित्रमैत्रिणींची. प्रस्तावना बहुधा कोणी वाचत नाही. तरीही पानांची वाटणी नेमकी उलटी होते. पहिला विद्यार्थी दिसेपर्यंत दहा-बारा पाने संदेशांतच जातात आणि संदेश देणाऱ्याचा फोटो विद्यार्थ्याच्या फोटोच्या चौपट असतो. म्हणून पाने आधी मुलांसाठी राखा. ८० पानांचे पुस्तक म्हणजे १६ पानांचे पाच फर्मे (फर्मा म्हणजे एका मोठ्या कागदावर छापून घडी घातलेला पानांचा संच). वर्गात १२० मुले असतील आणि एका पानावर चार मुले घेतली, तर ३० पाने लागतात. समूहचित्रांना ४, कामगिरीच्या नोंदींना १२, आठवणींना १६, शिक्षक आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना ६ पाने द्या. बेरीज ६८ होते. उरलेल्या १२ पानांत संदेश, अनुक्रमणिका, जाहिराती काय ते बसवा. बसत नसेल तर संदेश कापा, मुले नाही.

आता नावे. सर्वांत जास्त चुका इथेच होतात, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

नावांची यादी कोणाच्या तरी मोबाइलमधून किंवा सहलीच्या यादीवरून घेऊ नका. मूळ यादी हजेरीपटाची. ती एका कागदावर छापा आणि तीन रकाने करा: नोंदीतले नाव, स्मरणिकेत छापायचे नाव, सही. दुसरा रकाना विद्यार्थ्याने स्वतःच्या अक्षरात भरायचा. वर्गशिक्षकांनी सगळ्यांच्या वतीने खुणा केलेली यादी आम्हाला चालत नाही, कारण तिच्यात सुनीताची सुनिता आणि रूपालीची रुपाली झालेली हमखास सापडते. व्याकरण इथे बाजूला ठेवा. मुलगी आपले नाव ‘सुनिता’ असे लिहीत असेल, तर तेच बरोबर. मुद्रितशोधकाने शब्दकोश काढून तिचे नाव दुरुस्त करायचे नसते. आडनावांत ‘ल’ आणि ‘ळ’, ‘न’ आणि ‘ण’ यांवर खास नजर ठेवा.

पुढची अडचण टायपिंगची. मजकूर सुरुवातीपासून युनिकोडमध्येच, म्हणजे कोणत्याही संगणकावर तशीच उमटणाऱ्या अक्षरांत, टाइप करून घ्या. जुन्या फाँटांत मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात. तो फाँट दुसऱ्या संगणकावर नसला की सगळे पान अगम्य खुणांचे होते. कन्व्हर्टरमधून मजकूर काढला तरी तो ठरावीक जागी अडखळतो: पहिली वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाते, रफार एक घर पुढे-मागे सरकतो, आणि ‘गोऱ्हे’, ‘कऱ्हाडे’ यांतला ऱ्ह हमखास तुटतो. त्यामुळे रूपांतर केलेल्या यादीत शर्वरी, कीर्ती, वर्षा आणि ऱ्ह असलेली आडनावे आधी तपासा. ती नीट आली असतील, तर बाकीचीही बहुधा नीट असतात. पाने इनडिझाइन या सॉफ्टवेअरमध्ये लावणार असाल, तर परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर (देवनागरीसारख्या लिप्या नीट जुळवणारी त्यातली सोय) लावलेला आहे ना, हे पाहा. तो नसेल तर जोडाक्षरे सुटी पडतात आणि पाय मोडलेली अक्षरे रांगेने उभी राहतात.

अकारविल्हे क्रमातही एक गंमत आहे. यादी संगणकाला लावायला सांगितली की बहुधा क्षितिजा ‘क’मध्ये जाऊन बसते आणि ज्ञानेश्वर ‘ज’मध्ये, कारण संगणकाच्या लेखी क्ष म्हणजे क् आणि ष. वर्णमाला म्हणणारा वाचक मात्र त्यांना शेवटी शोधतो. कोणताही एक क्रम धरा, पण सगळ्या पुस्तकात तोच ठेवा. आमचे मत विचाराल, तर हजेरी क्रमांकाचा क्रम सर्वांत सोपा. वर्षभर तोच कानांवर पडलेला असतो.

नावांचे प्रूफ एकट्याने वाचायचे नाही. एकाने सह्यांची यादी मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने प्रुफावर बोट ठेवून ऐकायचे. ऱ्हस्व-दीर्घ उच्चारात कळत नाही, म्हणून वाचणाऱ्याने ‘नी दुसरी, ता काना’ असे फोडून सांगायचे. प्रत्येक वर्गाची पाने संपली की नावे मोजा आणि पटसंख्येशी ताडून पाहा. ११९ भरली तर हरवलेले नाव सापडेपर्यंत पुढे जाऊ नका. दुरुस्ती झाल्यावर फक्त दुरुस्त केलेला शब्द पाहून भागत नाही, शेजारच्या ओळीही पाहाव्या लागतात. एक अक्षर वाढल्याने ओळ खाली सरकते, आणि एकीच्या फोटोखाली दुसरीचे नाव येते ते असेच.

शाळा मध्येच सोडून गेलेल्या मुलांचे काय, हा प्रश्न दर वर्षी निघतो. आमच्या मते, जी मुले या वर्गाबरोबर दोन-तीन वर्षे बसली त्यांची नावे ‘कधीपासून कधीपर्यंत’ एवढ्या नोंदीसह यावीत. वर्गातला एखादा विद्यार्थी हयात नसेल, तर त्याचे पान त्याच्या हजेरी क्रमांकाच्या जागीच असावे, पुस्तकाच्या शेवटी नाही. त्याला काळी चौकट घालायची की नाही आणि मजकूर कोणता घ्यायचा, हे पालकांना ते पान दाखवूनच ठरवा.

कामगिरीची नोंद हा दुसरा मोठा घोळ. ‘आमच्या शाळेने रिले शर्यतीत द्वितीय क्रमांक पटकावला’ या ओळीत माणूसच नाही. चार गुणिले शंभर मीटरला चार जण धावतात. चौघांची नावे धावण्याच्या क्रमाने द्या. राखीव धावपटूचे नावही द्या, कारण तोही रोज सरावाला येत होता. नाटकाच्या फोटोत रंगमंचावरची सहा मुले दिसतात. पडदा ओढणारी, दिवे सांभाळणारी, कपडे गोळा करणारी, विंगेत संहिता धरून बसलेली मुले मोजली तर संख्या दुप्पट होते. विज्ञान प्रदर्शनातल्या प्रकल्पाजवळ उभे राहून माहिती सांगणारा एक असतो आणि वायर जोडणारी दुसरीच असते. दोघांची कामे वेगळी लिहा.

प्रत्येक नोंदीसाठी सहा गोष्टी विचारा: कोणी, काय केले, कुठे, कोणत्या तारखेला, कोणाबरोबर, पुरावा काय. पुरावा म्हणजे प्रमाणपत्राचा सरळ, सावली न पडलेला फोटो. प्रमाणपत्र वाचले की बऱ्याच नोंदी खाली उतरतात. ‘प्रथम’ म्हणून सांगितलेला क्रमांक गटातला प्रथम निघतो, ‘निवड’ निघते ती सहभागाची. यात मुलांचा खोटेपणा नसतो, ऐकीव माहिती तोंडातोंडी मोठी होत जाते. मात्र छापलेली ओळ दहा वर्षांनीही तशीच राहते.

निकालाची टक्केवारी छापायचीच असेल, तर भागाकार कशाने केला ते लिहा. वर्गात ५० मुले, परीक्षेला बसली ४८, उत्तीर्ण झाली ४७. बसलेल्यांच्या हिशेबाने निकाल ९७.९ टक्के, पटाच्या हिशेबाने ९४ टक्के. दोन्ही आकडे खरे आहेत, पण सोयीचा तेवढा निवडून छापला की न बसलेली दोन मुले पुस्तकातून नाहीशी होतात. वैयक्तिक गुण छापूच नयेत असे आम्हाला वाटते. गुणपत्रिका ज्याची त्याच्याजवळ असते.

ज्यांच्या नावावर एकही प्रमाणपत्र नाही, अशी मुलेच वर्गात जास्त असतात. ‘तुझी कामगिरी लिही’ असे सांगितले की ती ‘काही नाही’ असे लिहून कागद परत देतात. यावर उपाय सोपा आहे. प्रत्येकाला स्वतःबद्दल लिहायला सांगू नका. हजेरीत आपल्या आधीच्या आणि आपल्या नंतरच्या क्रमांकाबद्दल तीन-तीन ओळी लिहायला सांगा. पहिल्याने शेवटच्याबद्दल लिहायचे, शेवटच्याने पहिल्याबद्दल. म्हणजे प्रत्येकाबद्दल दोन टिपणे आपोआप जमतात. सूचनेत ‘चांगला मित्र’, ‘मनमिळाऊ’, ‘हुशार’ हे शब्द वापरायला बंदी करा आणि ‘तिने केलेले एक काम सांग’ असे विचारा. मग कळते की फळ्यावर रोज तारीख आणि सुविचार कोण लिहायचे, वाचनालयाची पुस्तके क्रमाने कोण लावायचे, डगमगणाऱ्या बाकाखाली पुठ्ठ्याची घडी कोणी बसवली, आजारी मुलीच्या वह्या कोणी पूर्ण केल्या. दोघांचे भांडण असेल तर टिपण कोरडे किंवा खोचक येते, म्हणून तिसरे टिपण वर्गशिक्षकांकडून घ्या आणि तिन्हींतून एक ओळ तयार करा. छापायच्या आधी ती ओळ त्या विद्यार्थ्याला दाखवा. ‘हे माझ्याबद्दल नको’ असे तो म्हणाला तर बदला, कारण विचारत बसू नका.

आठवणींच्या पानांचेही तसेच. ‘शाळेतील अविस्मरणीय क्षण’ या विषयावर १२० मुलांकडून १२० सारखेच निबंध येतात: पहिला दिवस, सहल, निरोप समारंभ. मोठ्या प्रश्नाला मोठमोठे शब्द मिळतात, तेव्हा प्रश्नच लहान करा. मधल्या सुट्टीत तुम्ही नेमके कुठे उभे राहायचे? वर्गातली कोणती खिडकी लागत नव्हती? जिन्याच्या कोणत्या पायरीवर पाय घसरायचा? तास संपत आल्याचे घंटेआधी कशावरून कळायचे? पावसात छपराचा आवाज वाढला की कोणाचा तास थांबायचा? उत्तरासाठी ४० शब्दांची मर्यादा ठेवा आणि एकाने दोनच प्रश्न निवडायचे. एकाच प्रश्नाची दहा उत्तरे एका पानावर शेजारी-शेजारी लावली की एकाच जागेची दहा रूपे दिसतात. संपादन करताना शुद्धलेखन तेवढे सुधारा, बोली तशीच राहू द्या.

टोपणनावे आणि गमतीच्या पदव्या यांना एक चाळणी लावा. रंग, वजन, उंची, बोलण्यातला दोष, घरची परिस्थिती, कोणाचे नाव कोणाशी जोडणे यांवर बेतलेले काहीही नको, मग संबंधित मुलगा हसत ‘चालेल’ म्हणाला तरी. वर्गासमोर विचारल्यावर तो दुसरे काय म्हणणार? घरचा पत्ता, फोन नंबर, पूर्ण जन्मतारीख छापू नका. मुले अठरा वर्षांखालची आहेत, म्हणून फोटोसाठी पालकांची लेखी संमती वर्षाच्या सुरुवातीलाच घ्या. शेवटच्या आठवड्यात ती मिळवताना दहा जण राहतातच.

फोटोंबद्दल आमची तक्रार जुनी आहे. सगळ्या वर्गाचा एकच समूह फोटो काढून तो पानभर छापायचा, ही पद्धत मोडायला हवी. हिशेब करून पाहा. १२० मुले चार रांगांत म्हणजे रांगेत ३०. फोटोची छापील रुंदी १८ सेंटिमीटर. एका मुलाच्या वाट्याला ६ मिलिमीटर येतात आणि त्यातला चेहरा साधारण २ मिलिमीटरचा, टाचणीच्या डोक्याएवढा. कॅमेरा कितीही भारी असू द्या, कागदावर तेवढीच जागा आहे. त्याऐवजी ३० मुलांचे चार फोटो काढा, प्रत्येकी १० जणांच्या तीन रांगा. चेहरा तिप्पट होतो आणि ओळखू येतो. सगळ्यांचा एकत्र फोटो हवाच असेल तर तो शोभेसाठी वेगळा घ्या.

मोठा फोटो दोन पानांवर पसरवून छापण्याचा मोह होतो. तसे केले तर मधल्या घडीत दोन-तीन मुले गडप होतात. चिकटवलेल्या बांधणीत पुस्तक पूर्ण सपाट उघडत नाही आणि शिवणीजवळचा सेंटिमीटरभर भाग प्रत्येक बाजूला दिसेनासा होतो. कोणी तरी त्या जागी उभे असतेच.

फोटो काढताना सूर्य मुलांच्या तोंडावर नको, सगळे डोळे बारीक करतात. भर दुपार नको, डोळ्यांच्या खोबणीत सावली पडते. इमारतीच्या सावलीत, पण मोकळ्या आकाशाकडे तोंड करून उभे केले की चेहऱ्यांवर सारखा उजेड येतो. रांगा किंचित कमानीत ठेवा, म्हणजे कडेची मुले कॅमेऱ्यापासून मधल्यांएवढ्याच अंतरावर राहतात. वाइड अँगल भिंगाने कडेचे चेहरे ताणले जातात, म्हणून मागे सरका. किती फोटो घ्यायचे याचेही गणित आहे. ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या संशोधन संस्थेच्या निक स्वेन्सन आणि पिअर्स बार्न्स यांनी ते मांडले आणि त्यांना २००६ चे गणितातले इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचे पारितोषिक, मिळाले. माणसे वीसपेक्षा कमी असतील तर चांगल्या उजेडात संख्येला तीनने भागायचे, कमी उजेडात दोनने, आणि तेवढे फोटो घ्यायचे, म्हणजे एकात तरी सगळ्यांचे डोळे उघडे मिळतात. पन्नासच्या घरात गेलात की आशा जवळजवळ सोडायची. ३० जणांसाठी आम्ही पंधरा तरी घेतो.

आणि रांग मोडण्याआधी नावे लिहून घ्या. प्रत्येक रांगेला एक जण नेमा. त्याने कॅमेऱ्याच्या बाजूने, म्हणजे फोटो बघणाऱ्याच्या डावीकडून नावे लिहीत जायचे. मुलांच्या डावीकडून लिहिली की पूर्ण ओळ उलटी छापली जाते. ही चूक नावे मोजूनही सापडत नाही, कारण नावे सगळी असतात, फक्त माणसे बदललेली असतात. त्या दिवशी गैरहजर असलेल्यांची नावे त्याच कागदावर खाली लिहा आणि फोटोखाली ‘अनुपस्थित’ म्हणून छापा.

मुलांनी पाठवलेले फोटो व्हॉट्सॲपवर घेऊ नका. घ्यायचेच तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा. साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो लहान होतो आणि त्यातली मूळ तारीखही निघून जाते. फाइलच्या नावात जी तारीख दिसते ती फोटो काढल्याची नसून पाठवल्याची असते. तिच्यावर विसंबून फोटोओळ लिहिली की पावसाळ्यातली सहल उन्हाळ्यात जाते. छपाईला एका इंचात ३०० ठिपके लागतात. पासपोर्ट आकाराच्या, ३५ बाय ४५ मिलिमीटरच्या चेहऱ्याला ४१३ बाय ५३१ पिक्सेल पुरतात, १८ सेंटिमीटर रुंद फोटोला २१२६ लागतात. लहान फोटो सॉफ्टवेअरमध्ये ताणून हा आकडा गाठता येतो, पण नवा तपशील त्यात कुठून येणार?

छपाईबद्दल थोडक्यात. मध्ये पिन मारायची असेल तर पाने चारच्या पटीत हवीत आणि ६४ च्या आसपास थांबावे, त्यापुढे पुस्तक फुगते. १३० जीएसएमच्या (म्हणजे चौरस मीटरला १३० ग्रॅम वजनाच्या) आर्ट पेपरची ८० पाने म्हणजे ४० कागद, कणा, म्हणजे पुस्तकाच्या पाठीची जाडी, साधारण ४ मिलिमीटर. एवढ्यावर चिकट बांधणी जेमतेम धरते. ए-फोर पुस्तकात कडेपर्यंत जाणारे फोटो चारी बाजूंना ३ मिलिमीटर जास्त ठेवा, नाही तर कापताना पांढरी रेघ राहते. मजकुराचा काळा रंग फक्त काळ्या शाईचा असू द्या. चार शायांचा झाला आणि छपाई किंचित हलली की बारीक वेलांट्यांना रंगीत सावली येते. कागदावर शाई पसरते, त्यामुळे फोटो पडद्यावर दिसतात त्यापेक्षा गडद छापले जातात आणि सावळ्या चेहऱ्यांचा तपशील सर्वांत आधी बुडतो. मधल्या छटा थोड्या उजळवा आणि चेहऱ्यांच्या एका पानाचे प्रूफ प्रत्यक्ष त्याच कागदावर मागा. दोन-तीनशे प्रतींपर्यंत डिजिटल छपाई परवडते, त्यापुढे ऑफसेट. पटसंख्या, कर्मचारी, वाचनालय यांच्या बेरजेवर पाच टक्के जास्त छापा.

पुस्तकाच्या फाइलचे म्हणाल, तर क्यूआर कोडवर आठवणी सोडून देऊ नका. त्यामागची लिंक बंद पडली की कागदावर नुसता काळा-पांढरा चौकोन उरतो. पेन ड्राइव्हही वर्षानुवर्षे कपाटात ठेवायची वस्तू नाही. अंतिम पुस्तक पीडीएफ/ए (दीर्घकाळ जतन करण्यासाठीच्या पीडीएफ) स्वरूपात, मूळ फोटो जेपेगमध्ये, अशा तीन प्रती ठेवा: दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतली एक शाळेच्या बाहेर. सह्यांची यादी आणि संमतिपत्रे मात्र कागदावरच, फाइलमध्ये.

छापखान्यातून गठ्ठे आले की वाटपाआधी प्रत्येक गठ्ठ्यातली एक प्रत काढून पाने क्रमाने उलटा. फर्मा उलटा लागला असेल किंवा दोनदा आला असेल, तर तो गठ्ठ्याने चुकलेला असतो, एकट्या प्रतीत नाही. दोन चांगल्या प्रतींवर वाचनालयाचा शिक्का मारून त्या वेगळ्या काढा, मग उरलेल्या प्रती मुलांना द्या.

कळावे,

आपले,
स्मरणिकांची पाने लावणारे, मुद्रिते तपासणारे आणि फोटो काढणारे काही जण

ता. क. मुखपृष्ठ एकदा पुन्हा वाचा. शाळेचे नाव आणि वर्ष इतक्या मोठ्या अक्षरांत असते की प्रूफ पाहताना त्याकडे कोणाचे लक्षच जात नाही. नवे मुखपृष्ठ बहुधा गेल्या वर्षीच्या फाइलवर केलेले असते. आतले फोटो बदलतात, कण्यावरचे वर्ष तसेच राहते.